अंतरपाटामागचा टीव्ही

नाना टीव्ही गेमचे एजंट होते, पण त्यांना स्वतःला एकही गेम खेळता येत नव्हता. पहिल्याच खड्ड्यात त्यांचा माणूस पडायचा. मग ते रिमोट खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "पडला बिचारा." पुन्हा खेळायला बसायचे नाहीत. पडलेल्याला लगेच उठवून परत पळवायचं, हे त्यांना बरं वाटत नसे.

नानांबद्दल लिहायला खरं तर सुमन हवी होती. सुमन म्हणजे माझी बायको. ती यंदा पोळ्याच्या आधी गेली. मी चौथीपर्यंत शिकलेला, सगळा जन्म टेम्पो चालवण्यात गेला. घरात सांगायचं काम तिचं होतं, मी फक्त हुंकार द्यायचो. आता हुंकार कशाला देऊ? भिंतीला? म्हणून लिहायला बसलो. चुकलं तर चुकलं.

नव्वद साल नुकतं उलटलं होतं तेव्हाची गोष्ट. टीव्हीला वायर लावायची, डब्यात वरून कॅसेट खोचायची, हातात रिमोट धरायचा आणि पडद्यावरचा माणूस पळवायचा, असे डबे तेव्हा नवीन होते. मुंबईच्या एका कंपनीचे सुटे भाग जळगावात नानांनी भाड्यानं घेतलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये यायचे. बायका ते जोडायच्या. जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांची एजन्सी नानांकडे होती. दुकानांना माल पोचवायचा टेम्पो माझा होता. सुमनचं काम शेवटचं असायचं. जोडून झालेला डबा नीट चालतो का, ते खेळून बघायचं. ती खेळताना पडद्यावरच्या माणसाशी बोलायची. शेजारच्या घरातलं लेकरू असल्यासारखं. "थांब रे, पुढे खड्डा आहे. आता चल. अरे, तिकडे नको." बाकीच्या बायका हसायच्या. नाना हसायचे नाहीत. ते दारात उभे राहून ऐकायचे.

सुमन त्यांच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान असेल, तरी ते तिला अक्का म्हणायचे. तशा त्यांच्या तऱ्हा पुष्कळ होत्या. टीव्हीचं बटण दाबायच्या आधी चप्पल काढून ठेवायचे. का, ते विचारलं तर म्हणायचे की आतमध्ये कोणीतरी चाललेलं असतं, आपण पायताण घालून कसं बघायचं. चहा आला की पहिली बशी समोरच्याला. समोर कोणी नसेल तर थांबायचे. एकदा एरंडोलच्या स्टँडवर मी गाडीचं चाक बदलत होतो तर नाना चहा निवेपर्यंत कप धरून उभे. शेवटी कोण कुठला हमाल धरून आणला, त्याला बशी दिली, मग स्वतः प्यायले. लग्न केलेलं नव्हतं. त्यावरून कोणी छेडलं तर रागवायचे नाहीत. म्हणायचे, "मला कोणी दाखवलंच नाही. मी दाखवणाऱ्यातला, बघणाऱ्यातला नाही."

कॅसेटच्या डब्यांवर जी चित्रं असायची ना, त्यांचा मात्र नानांना फार राग. वर चितारलेला असायचा तलवारवाला, दंड फुगलेले, मागे आगीचा डोंगर. आत टीव्हीवर बघावं तर वाटाण्याएवढा ठिपका उड्या मारतोय. नाना ते डबे पालथे ठेवायचे. नवा माल दाखवायचा असला तरी पालथाच. म्हणायचे, "जे दिसतं तेवढंच सांगावं. गिऱ्हाईक घरी जाऊन आपल्याला आठवतं, अक्का, आणि तेव्हा आपण तिथं नसतो."

दरवर्षी दिवाळीच्या आधी धुळ्यात व्यापाऱ्यांचा मेळावा भरायचा. पुढच्या हंगामात कोणते गेम येणार ते तिथं दाखवायचं आणि ऑर्डरी घ्यायच्या. जामनेरपासून शिंदखेड्यापर्यंतचे दुकानदार यायचे. रेडिओवाले, घड्याळवाले, दोन-चार भांडीवाले पण. धुळं सगळ्यांना एसटीनं सोयीचं. नाना मंगल कार्यालय घ्यायचे, कारण तेव्हा लग्नाची तिथी नसते आणि कार्यालय रिकामं असतं. दुसऱ्या गावचे एजंट मोठमोठी पोस्टर लावायचे, माईकवर बोलायचे, असं ऐकून होतो. आमच्याकडे बोहल्यावर टीव्ही. टीव्हीपुढे अंतरपाट.

खरा अंतरपाट. कार्यालयाचाच. एक टोक मी धरायचो, दुसरं कार्यालयाचा वॉचमन. नाना बाजूला उभे राहून दोन वाक्यं बोलायचे. "पाहुणा आलाय. चांगला आहे का वाईट, ते तुम्ही ठरवा." आम्ही कापड खाली घ्यायचो आणि गेम दिसायचा. पहिल्या वर्षी शिंदखेड्याचे एक म्हातारे दुकानदार, त्यांना सगळे आबा म्हणायचे, मागच्या रांगेतून बोलले होते, "नाना, सोताना अंतरपाट कधी धरा नही, आनि टीव्हीना धरी राहिना." स्वतःचा कधी धरला नाही आणि टीव्हीचा धरतोय, म्हणून अख्खं कार्यालय हसलं. नाना पण हसले. पुढच्या वर्षीपासून आबा पहिल्या रांगेत बसू लागले.

सुरुवातीला गेम खेळून दाखवायला कॉलेजातला एक पोरगा आणायचे. तो असा सुसाट खेळायचा की व्यापाऱ्यांना काही कळायचं नाही. नुसता पडदा हलताना दिसायचा. मग एक दिवस नाना आमच्या घरी आले. मी ओट्यावर बसलो होतो. म्हटलं, या, बसा. बसले. सुमनला बाहेर बोलावलं आणि सांगितलं की यंदा धुळ्याला खेळून दाखवायला तुम्ही चला, जसं शेडमध्ये बोलता तसं बोलत खेळा. ती माझ्याकडे बघायला लागली. नाना म्हणाले, "त्यांच्याकडे काय बघता, अक्का? मी त्यांना विचारायला आलो नाही. त्यांना विचारायचं असतं तर टेम्पोपाशी गेलो असतो."

माझी वहिनी तेव्हा आमच्यातच होती. ती म्हणाली, परक्या पुरुषांपुढे बोहल्यावर बसून बाई खेळणार, लोक काय म्हणतील. सुमन म्हणाली, "बोहल्यावर मी एकदा बसलेय, तेव्हा पण लोकच होते समोर." आणि भाकरी टाकायला आत गेली. त्या वर्षापासून ती धुळ्याला मांडी घालून टीव्हीपुढे बसायची. पदर खोचलेला. सावकाश खेळायची आणि बोलायची. बघणाऱ्यांचं अर्धं लक्ष टीव्हीकडे आणि अर्धं तिच्या बोलण्याकडे. ऑर्डरी वाढल्या.

तरी कंपनीला पुरेना. एका वर्षी मुंबईचे साहेब शेडवर आले. तरणे होते, टाय लावलेला, वागायला वाईट नव्हते. त्यांनी सगळ्यांसमोरच सांगितलं की या दिवाळीला नव्या गेमच्या ऑर्डरी भरपूर आल्या नाहीत तर खानदेशची एजन्सी नाशिकच्या माणसाला जाईल. म्हणजे सुटे भाग इथं येणार नाहीत. म्हणजे शेड बंद, बायका घरी. त्यात सुमन आलीच. नानांनी साहेबांना चहाची पहिली बशी दिली आणि विचारलं, नवीन काय आहे ते दाखवा.

साहेबांनी एक नमुना आणला होता. एकच. कॅसेटचं वरचं प्लॅस्टिकसुद्धा नव्हतं, नुसती हिरवी पट्टी. परदेशात बनतोय, अजून पुरा झाला नाही म्हणाले. सुमननं तो लावला. डोक्यावर हंडा घेतलेला एक छोटा माणूस. लांब कुठंतरी झाड सुकतंय. विहिरीवरून पाणी घेऊन त्या झाडापर्यंत जायचं. वाटेत दगड, कुत्री, वारा. धक्का लागला की पाणी सांडतं आणि झाडाचं एक पान गळतं. कोणी कोणाला मारत नाही. नाना चप्पल काढून उभे होते ते खालीच बसले. पुरा खेळ बसूनच बघितला. मग म्हणाले, "यात बंदूक नाही का कुठं?" सुमन म्हणाली नाही. "मग हाच दाखवू."

साहेब म्हणाले अजून दोन-तीन आहेत, विमानांचे, मारामारीचे, ते चालतात. नाना म्हणाले ते पण दाखवू, पण आधी हा.

दोन-तीन आठवडे सुमन तो खेळत होती. घरी स्वयंपाक करताना सुद्धा मला सांगायची, दुसऱ्या कुत्र्यापाशी थांबावं लागतं, पळालं की ते मागे लागतं. मी म्हणायचो, बरं.

मेळाव्याच्या दिवशी कार्यालय भरलं होतं. साहेब पहिल्या रांगेत, आबांच्या शेजारी. त्या वर्षी कार्यालयाचा वॉचमन नवीन होता. त्याच्या बायकोनं अंतरपाट बाहेर काढलेला बघितला आणि बिचारीला वाटलं की अक्षता विसरल्या. तिनं तांदळाला ओलं कुंकू लावून, ताटात घालून सगळ्या रांगांमधून फिरवल्या. व्यापाऱ्यांनी घेतल्या. कोणी पुढे केल्या की माणूस हात पुढे करतोच. मला अंतरपाटामुळे मागचं काही दिसत नव्हतं. नाना म्हणाले, पाहुणा आलाय. आम्ही कापड खाली घेतलं.

हातात अक्षता आहेत आणि समोर अंतरपाट खाली आला, तर आपल्याकडचा माणूस विचार करत नाही. टाकतो. सगळ्यात आधी आबांनी टाकल्या आणि मग सगळ्या कार्यालयानं. सुमनच्या डोक्यावर, टीव्हीवर, आणि त्या उघड्या हिरव्या पट्टीवर. पडद्यावर आडव्या रेघा आल्या. करकर झाली. आणि काळं.

मागून कोणीतरी म्हणालं, नवरी पळाली. हशा झाला. साहेब उठले, पट्टी काढून बघितली, ओलं कुंकू सगळीकडे लागलं होतं. त्यांनी पुसली, परत लावली. काळंच. साहेबांचा चेहरा पडला. ते नानांना हळूच म्हणाले, विमानांचा लावा. नानांनी ऐकलं नसावं. ते बोहल्याच्या कडेला, सुमनच्या शेजारी जाऊन बसले. मी अजून अंतरपाट हातात धरून उभा.

नाना म्हणाले, "अक्का, तुम्ही पाहिलंय. पाहिलंय तेवढं सांगा."

सुमननं केसांतले तांदूळ झटकले. रिमोट उचलून मांडीवर घेतला. आणि काळ्या टीव्हीकडे बघून सांगायला लागली. हा निघाला विहिरीवरून. हंडा काठोकाठ भरलाय, म्हणून हळू. पुढे दगड आहे, उडी नाही मारायची, बाजूनं जायचं. तिचे अंगठे रिमोटवर चालू होते. वारा आला तर पाठ करून उभा राहतो, बघा. आधी लोक गालात हसत होते. मग थांबले. जामनेरच्या एका दुकानदारानं विचारलं, कुत्रं आलं तर काय करायचं? "थांबायचं. ते वास घेतं आणि जातं. पळालात तर सांडलं पाणी." मागचे लोक उठून पुढे आले. काळ्या टीव्हीपुढे पन्नास-साठ माणसं दाटीनं उभी होती आणि ती सांगेल तिकडे माना वळवत होती. एका जागी तिनं "गेलं, सांडलं" म्हटलं तर आबा चुकचुकले.

मग ती थांबली. म्हणाली, आता नदी आली. नमुना इथपर्यंतच आहे. पुढचं अजून बनतंय म्हणे. पुढचं मी पाहिलेलं नाही.

सगळ्यात आधी आबांनीच ऑर्डर दिली. मग बाकीच्यांनी. विमानांच्या गेमला कोणी विचारलं नाही. साहेब माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तुमच्या मिसेस मुंबईला हव्या होत्या." मी म्हटलं, मग आमच्या घरी स्वयंपाक कोण करील? हे मी गमतीनं म्हटलं होतं. आता तो मीच करतो.

माल दिवाळीच्या तोंडावर आला. डब्यांवर झाड, हंडेवाला माणूस, सगळं छापलेलं. नानांनी त्या दिवशी पहिल्यांदा डबे सुलटे ठेवले. सुमननं नेहमीप्रमाणे एक कॅसेट काढून लावली. विमानं आली. दुसरी लावली. विमानं. तिनं नानांना हाक मारली.

नानांनी मुंबईला फोन लावला. मी तिथंच होतो. साहेब म्हणाले की तो गेम तिकडे बंद पडला, पुरा झालाच नाही. कव्हरं मात्र छापून झाली होती. आत दुसरा घातलाय, तो पण चांगला आहे, पोरांना काय, काहीतरी हलल्याशी काम. नाना म्हणाले, परत पाठवतो. साहेब म्हणाले, "परत पाठवलंत तर एजन्सीचं मी काही सांगू शकणार नाही, नाना. मनापासून सांगतोय."

नानांनी शेडमधलं काम थांबवलं. सगळ्यांना चहा मागवला आणि जसं होतं तसं सांगितलं. एक बाई म्हणाली पाठवून द्या, कोण बघतंय. दुसरी म्हणाली, आम्ही घरी बसलो तर खायचं काय, तुम्हाला एकट्याला काय आहे. खरंच होतं तिचं. नाना सगळं ऐकत होते. मग सुमनकडे वळले.

"अक्का, तोंड तुमचं होतं. तुम्ही सांगाल ते करू."

सुमननं चहाचा कप तसाच खाली ठेवला. मला वाटलं ती माझ्याकडे बघेल. नाही बघितलं.

"मी त्यांना पाणी सांगितलंय, नाना. त्यांच्या दुकानात विमानं नका पाठवू."

मग ती उठून बाहेर आली आणि टेम्पोत येऊन बसली. म्हणाली, काम गेलं आपलं. मी म्हटलं, चहा घेतलास का? नव्हता घेतला. टपरीवरून आणून दिला.

एजन्सी नाशिकला गेली. पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. शेडमधल्या काही बायका डाळमिलमध्ये लागल्या. दोघी-तिघी नानांवर वर्षानुवर्षं चिडून होत्या आणि रस्त्यात दिसले तर तोंड फिरवायच्या. नाना त्यांना नमस्कार करायचे. नानांनी मग टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. सुमन काही दिवस तिथं बसली, मग आमची मुलगी बाळंतपणाला आली आणि सुमनचं तिथं बसणं राहिलंच. नाना गेले त्याला पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्या दहाव्याला आबा शिंदखेड्याहून आले होते, काठी टेकत.

पण मला सांगायची आहे ती फेरी. माल परत गेल्यावर नानांनी ठरवलं की ऑर्डर दिलेल्या प्रत्येक दुकानात स्वतः जाऊन सांगायचं. मी म्हटलं, पत्र टाका, फोन करा. नाना म्हणाले, तोंडानं सांगितलं होतं, तोंडानंच परत घेऊ. सुमन म्हणाली मी पण येते. तर आम्ही तिघं टेम्पोच्या केबिनमध्ये. मध्ये सुमन, खिडकीशी नाना. आधी जामनेरची बाजू केली. मग अमळनेर, शिंदखेडा, शिरपूर, धुळं, पारोळा.

सगळे चांगले वागले असं नाही. शिरपूरच्या एकानं दुकानाबाहेरच उभं ठेवलं आणि म्हणाला, काळ्या टीव्हीवर माल विकता, असंच होणार. नानांनी मान हलवली. अमळनेरच्या बाईंनी मात्र जेवल्याशिवाय सोडलं नाही. शेवभाजी केली होती. आणि शिंदखेड्याला आबा. नाना सांगायला लागले तसे आबा गादीवरून खाली उतरले.

"मन्या अक्षतांमुये बिघडना का तो खेळ?"

दोन महिने हा म्हातारा तेच मनात घेऊन बसला होता, आपण तांदूळ टाकले म्हणून झाड मेलं. मला हसू आलं होतं, सुमननं माझा हात दाबला. नाना आबांच्या शेजारी खाली बसले. एरवी ते आमच्याशी शहरातलं बोलायचे, पण तेव्हा आबांच्या बोलीत बोलले.

"नही आबा. तिकडेच त्यानं लगीन जमनं नही. तुम्ही त आशीर्वाद दिधात."

आबांनी बराच वेळ नानांचा हात सोडला नाही. मग चहा मागवला. पहिली बशी नानांनी आबांना दिली.

शेवटचं दुकान एरंडोलचं. ते उरकून निघालो तेव्हा दिवस कलला होता. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. सगळीकडे सांगून झालं होतं, आता सांगायला कोणी उरलं नव्हतं. नाना खिडकीतून बाहेर बघत होते. चेहरा असा की मी तो आधी कधी बघितला नव्हता. शेड बंद होणार हे त्यांना तेव्हा कळलं असावं. म्हणजे कळलेलं होतंच, पण तेव्हा आत गेलं असावं.

तसेच बाहेर बघत ते म्हणाले, "अक्का, नदीच्या पलीकडे काय असेल हो?"

मला वाटलं सुमन म्हणेल, मी पाहिलेलं नाही. तिनं मांडीवरची पिशवी खाली पायाशी ठेवली. हात जुळवून मांडीवर घेतले, अंगठे वर.

म्हणाली, नदीला पाणी कमी आहे. घोट्याएवढं. तो चप्पल काढून हातात घेतो.

"मग?"

मग पलीकडे चढ आहे. चढावर एक म्हातारी बसलीय, तिला तहान लागलीय. तिला थोडं पाणी द्यावं लागतं. नाही दिलं तर ती अडवत नाही, पण वाट लांबते. नानांनी विचारलं, दिलं तर पान गळतं का? सुमननं जरा विचार केला. नाही, तेवढ्यानं नाही गळत.

नाना तिच्याकडे वळून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर परत रंग आला होता. पुढे गिरणा नदीचा पूल दिसायला लागला. पुलापलीकडे जळगाव, आणि जळगावला पोचलं की नानांना शेडची किल्ली मालकाला द्यायची होती. मी टेम्पो कडेला घेतला आणि इंजिन बंद केलं.

नाना म्हणाले, काय झालं?

मी म्हटलं, गरम झालंय. निवू द्या जरा.

गरम वगैरे काही झालं नव्हतं. सुमनला कळलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, पण तिचा खांदा माझ्या खांद्याला टेकला होता, तो तसाच राहिला. नानांनी वाकून पायातल्या चपला काढल्या, सीटखाली सरकवल्या आणि परत तिच्याकडे वळले.

"हं, अक्का. मग?"